घराजवळ येणारी अस्वलं आणि इतर वन्यजीव: तुमची निरीक्षणं सांगा

टेंभुर्णी

आमचं घर जंगलाला अगदी लागून आहे. परसाच्या कुंपणापलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे थेट राखीव जंगल. वाघ-बिबट्यांवर सगळेच भरभरून लिहितात. अस्वलाचं नाव निघतं ते हल्ल्याच्या बातमीत, आणि बातमी शिळी झाली की विषयही संपतो. मला हे फार खुपतं. जंगलाशेजारी राहून माझं मत असं झालंय की तासन्‌तास बघत बसावं असा आपल्या जंगलातला प्राणी अस्वलच. वाघ दिसला तरी बहुतेकदा पडलेला असतो किंवा आपल्या वाटेने निघून जातो. अस्वलाचं मात्र सतत काहीतरी चाललेलं असतं.

नाल्याच्या पलीकडच्या काठावर ऐनाच्या झाडाखाली एक मोठं वारूळ आहे. गच्चीवरून ते सरळ समोर दिसतं. परवा ऊन कललं तेव्हा एक अस्वलीण पाठीवर दोन पिल्लं घेऊन तिथे आली. वारुळाभोवती नाक फिरवत तिने एक जागा नक्की केली आणि पुढच्या पंजांनी ढेकळं उपसायला घेतली. भोक पडल्यावर तोंड आत घालून जोरात फुंकर मारली, माती उडाली, आणि लगेच आतल्या वाळव्या ओढायला लागली. फुंकर, ओढ, फुंकर, ओढ. लोहाराचा भाता चालावा तसा तो आवाज नाल्याच्या अलीकडे आमच्यापर्यंत स्वच्छ येत होता. अस्वलाचे वरचे मधले दोन पटाशीचे दात नसतातच. त्या फटीतून वाळवी थेट आत ओढता येते, आणि तेवढ्या वेळापुरत्या नाकपुड्या मिटून घेता येतात म्हणून नाकात माती जात नाही. हा आवाज शंभर मीटरच्या पलीकडेही ऐकू येतो.

पिल्लांचं वेगळंच चाललं होतं. एक आईच्या खांद्यावर, एक मागे कमरेवर. आई वाकली की खांद्यावरचं घसरत पुढे यायचं आणि मागचं ती जागा पटकवायला धावायचं. मग गुरगुर, ढकलाढकली. शेवटी एक खाली पडलं आणि आईच्या पायावरून केस धरून पुन्हा वर चढलं. आईने मान वळवूनही पाहिलं नाही.

आमच्या घरात याचे काही नियम आहेत. पाहायचं ते गच्चीवरूनच. नाल्यात उतरायचं नाही. अंधार पडला की त्या बाजूचे दिवे बंद, कुत्रं घरात. आणि खायला काही ठेवायचं नाही, कधीही नाही.

तुमच्यापैकी जे जंगलाजवळ राहतात त्यांनी लिहा. अस्वलाबरोबर बाकीचे प्राणीही चालतील.

केतकी_अ

काय सुंदर लिहिलंयस ताई! ती पिल्लांची ढकलाढकली डोळ्यांसमोर आली. फोटो काढला असशील तर टाक ना.

साळिंदर

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी वनखात्यातून निवृत्त झालोय. अस्वल प्रत्यक्ष दिसण्याच्या आधी त्याच्या खुणा वाचायला शिकलात तर निम्मं निरीक्षण तिथेच होतं, म्हणून थोडं त्याबद्दल.

ठसा: मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा लांबट, पण रुंद. पुढच्या पंजात बोटांच्या गाद्या जवळपास एका सरळ रेषेत असतात आणि नखांची टोकं गाद्यांपासून बरीच पुढे उमटतात. वाघ-बिबट्याच्या ठशात नखं दिसत नाहीत, त्यामुळे घोटाळा व्हायचं कारण नाही.

झाड: मोहाच्या किंवा अर्जुनाच्या बुंध्यावर उभे, खोल ओरखडे दिसले आणि वर पोळं असलं तर ते मधासाठी चढलेलं अस्वल.

विष्ठा: ही माझी सगळ्यात आवडती. वर्षभराचा जेवणाचा हिशेब त्यात मिळतो. हिवाळ्यात बोरीच्या बिया, मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या फुलांचा चोथा, उन्हाळ्यात टेंभुर्णी आणि बहावा, पाऊस जवळ आला की जांभळं. फळं नसतील तेव्हा वाळवी आणि मुंग्यांची डोकी. बहाव्याची ती हातभर टणक शेंग फोडून गर खाणारे प्राणी थोडेच आहेत. अस्वल खातं आणि बिया शाबूत बाहेर टाकत पुढे जातं. जंगलात वाटेच्या कडेला एका जागी बहाव्याची दहा-बारा रोपं घोळक्याने उगवलेली दिसली की मी आधी अस्वलाला धन्यवाद देतो.

नवखा_निरीक्षक

माझ्या शेतावर रात्री अस्वल येऊन गेल्याच्या खुणा आहेत, पण दिसत कधीच नाही. एक विचारू का? गुळाचं पाणी किंवा तसं काही खडकावर लावून ठेवलं तर ते ठरल्या वेळी येईल का? कर्नाटकात दरोजीला असंच करतात ना? तिथे मी स्वतः मनोऱ्यावरून अस्वलं पाहिली आहेत. घरी एवढंसं केलं तर काय बिघडलं?

टेंभुर्णी

@केतकी, फोटो आहेत, पण टाकणार नाही. मागे वारूळ, झाडं, नाल्याचं वळण दिसतं. जागा ओळखता आली की गाड्या घेऊन लोक येतात, आणि पिल्लं असलेल्या मादीजवळ गर्दी व्हावी हे मला अजिबात नकोय.

@नवखा_निरीक्षक, प्रश्न मोकळेपणाने विचारलात हे बरं केलंत. माझं उत्तर ‘नको’ असं आहे, आणि का ते सविस्तर सांगते.

दरोजीचं अभयारण्य १९९४ साली खास अस्वलांसाठी झालं. तिथे खडकांवर गुळाचं मिश्रण लावतात हे खरं. पण तिथे खडकाच्या आसपास कोणी राहत नाही, पाहणारा माणूस लांब मनोऱ्यावर असतो, आणि अस्वलाच्या दृष्टीने तो गूळ खडकावर उगवलेला असतो. तरीही मला तो प्रकार फारसा पटत नाही, पण तो एक वेळ बाजूला ठेवू. तुमच्या शेतावर गूळ कुठे असेल? घराजवळ. हाताळणार कोण? तुम्ही. त्याला माणसाचा वास लागेल. अस्वलाचं नाक विलक्षण तिखट असतं. गूळ, माणूस आणि घर ही तिन्ही त्याच्या डोक्यात एकत्र बसली की पुढच्या वेळी ते खडकाशी थांबणार नाही. ज्या घरात तुम्ही गूळ ठेवत नाही, त्या शेजाऱ्याच्या घराशीही जाईल.

दुसरं टोक बघा. छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यात बागबाहराजवळ घुंचापालीचं चंडी मंदिर आहे. तिथे रानातली अस्वलं संध्याकाळी येतात आणि भाविकांच्या हातून प्रसाद खातात. व्हिडिओ पाहून लोक हरखून जातात. मला ते पाहताना भीती वाटते. नर अस्वल ८० किलोपासून १४५ किलोपर्यंत भरतं. एका फटक्यात वारूळ फोडणारी नखं आहेत. आज कोणाला काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असं नसतं. आणि झालं तर दोष अस्वलाच्या माथी बसणार.

तुम्हाला अस्वल पाहायचंय ना? मग ते स्वतःच्या कामासाठी कुठे येतं ते शोधा. वारूळ, उंबर, बोरीचं बन, पाणी. तिथे लांबून बसा. त्याला तुमच्याकडून काहीही मिळालं नाही, ना खाणं, ना त्रास, तरच ते जे करतं ते खरं अस्वलाचं वागणं. गुळावर आलेलं अस्वल फक्त गूळ चाटताना दिसतं.

दूरदेशी

टेंभुर्णीताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी राहतो तिथे अमेरिकन काळी अस्वलं आहेत. घरामागे ओक वृक्षांचं जंगल, शरद ऋतूत ओकची फळं पडली की अस्वलं दिवसाढवळ्या दिसतात. थंडीत काही महिने न खाता काढायचे असल्यामुळे त्या दिवसांत त्यांची भूक अफाट असते, दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत. अशा वेळी पक्ष्यांसाठी टांगलेलं दाण्याचं भांडं म्हणजे उघडं आमंत्रण. अस्वलं जागी असतात त्या महिन्यांत आम्ही भांडी उतरवून ठेवतो आणि कचऱ्याचा डबा गाडी यायच्या सकाळीच बाहेर काढतो.

खाऊ घालण्याचं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या हॉटेलांचा ओला कचरा उघड्यावर टाकत आणि ग्रिझली अस्वलं तो खाताना पाहायला प्रेक्षकांसाठी बाकं मांडलेली असत. लोक गाडीच्या खिडकीतून काळ्या अस्वलांना हाताने भरवत. माणसं जखमी होत राहिली. बाकं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेली, कचऱ्याच्या जागा १९७० च्या सुमारास बंद झाल्या. पण तोवर पिढ्यान्‌पिढ्या त्यावर वाढलेली अस्वलं तंबू आणि वस्त्यांकडे वळली, आणि त्यातली कितीतरी मारावी लागली. १९७५ मध्ये ग्रिझलीला कायद्याने संरक्षण द्यायची वेळ आली. आज तिथे अस्वलापासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर अंतर राखायचा नियम आहे.

कडेने एक: अलास्कातल्या कॅटमाय उद्यानात ब्रुक्स नदीवर उन्हाळ्यात कॅमेरे थेट प्रक्षेपण करतात. धबधब्यावर उभी राहून सामन मासे पकडणारी तपकिरी अस्वलं घरबसल्या दिसतात. कोणत्या अस्वलाने कुठली जागा धरलीय, कोण कोणाला वाट देतं, हे बघताना वेळेचं भान राहत नाही.

वैशाली म

सगळे एवढ्या प्रेमाने लिहिताय, पण मला दुसरी बाजू मांडायचीच आहे. माझ्या आत्यावर मोहफुलं वेचताना अस्वलाने हल्ला केला. पहाटेची वेळ, ती वाकून वेचत होती, झुडपामागून ते आलं. जीव वाचला, पण एक डोळा गेला आणि चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. ती आजही मोहाला जाते, कारण त्याशिवाय घर चालत नाही. गच्चीवरून बघणाऱ्याला अस्वल सुंदर दिसतं. जिला रोज त्याच झाडाखाली जायचंय तिने काय करायचं, हेही या धाग्यावर यायला हवं.

साळिंदर

वैशालीताई, तुमच्या आत्याबाई सावरल्या हे वाचून बरं वाटलं, आणि तुम्ही हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं. नोकरीत असताना अशा जखमी माणसांना उचलून नेलंय मी, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी कागदावरचा नाही.

अस्वल माणसाला खायला येत नाही. ते दचकतं. खाण्यात तोंड खुपसलेलं असतं, त्याच्या स्वतःच्या फुंकरीचा आणि ओढण्याचा आवाज एवढा असतो की आपण जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. नजरही बेताची. आणि दचकल्यावर ते पळून जाण्याऐवजी अंगावर येतं, याचं कारण जंगलात आहे. ही जात वाघाच्या शेजारी वाढलेली. उघड्या रानात पिल्लं पाठीवर घेऊन वाघापुढून पळणं जमत नाही, आणि झाडावर चढलं तर बिबट्याही चढतो. म्हणून उभं राहायचं, ओरडायचं आणि भिडायचं, हाच त्याचा बचाव. २०१८ साली ताडोबात पाणवठ्यावर एका अस्वलिणीने पिल्लासाठी वाघाशी दिलेली झुंज अनेकांनी पाहिली असेल. ती रक्तबंबाळ झाली, पण मागे हटली नाही. नेमका तोच स्वभाव झुडपामागे आपल्या वाट्याला येतो.

आता उपाय. पहाटेच्या अंधारात जाऊ नये, नीट उजाडू द्यावं. एकटं जाऊ नये. चालताना बोलत राहावं, काठीने झाडाच्या खोडावर ठोकत जावं. आधीच आवाज मिळाला तर अस्वल बहुतेक वेळा स्वतःहून बाजूला होतं. झाडाखाली बसण्याआधी आजूबाजूची झुडपं लांबून पाहून घ्यावीत. कपारी आणि गुहांच्या तोंडाशी जाऊ नये. मादी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत तिथे विते आणि पुढचे दोन-तीन महिने पिल्लं आतच असतात.

लांबून दिसलं तर आपण वळून पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं. ते आपल्यापेक्षा वेगात धावतं आणि झाडावरही चढतं. अंगावर आलंच तर पालथं पडायचं, चेहरा जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफायची, आणि ते लांब जाईपर्यंत उठायचं नाही. अस्वलाचा रोख तोंडावर आणि डोक्यावर असतो, म्हणून आधी तेच झाकायचं.

वैशाली म

धन्यवाद काका. हे सगळं मी तिला वाचून दाखवणार आहे. पहाटेचं मात्र अवघड आहे. फुलं रात्री आणि पहाटे गळतात. उशिरा गेलं तर चितळं आणि गुरं खाऊन जातात.

अनिकेत_क

कॅमेरा ट्रॅपबद्दल, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल, कोणी सांगेल का? घराच्या मागच्या बाजूला लावायचा विचार आहे. मध्यरात्री कोण येतं ते बघायची फार उत्सुकता आहे.

टेंभुर्णी

@अनिकेत, जरूर लावा, पण स्वतःच्या जागेतच. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय लावता येत नाही.

अदृश्य प्रकाशाचा, म्हणजे ९४० नॅनोमीटरवाला घ्या. ८५० वाल्याचा पल्ला जास्त असतो, पण त्याचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात आणि काही प्राणी बिचकतात. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको, सूर्याने फुकटची छायाचित्रं निघत राहतात. समोरचं गवत कापून घ्या. गुडघ्याच्या थोडं वर बांधलात तर साळिंदरापासून सांबरापर्यंत सगळं टिपलं जातं. हा कॅमेरा आसपासच्या आणि अंगाच्या तापमानातल्या फरकावर चालतो, म्हणून भर उन्हाळ्यात दुपारी जमीन तापलेली असताना समोरून अस्वल गेलं तरी त्याला कळत नाही. बिघडला असं समजू नका. लोखंडी खोका घ्याच. अस्वलाला नवीन वस्तू चावून बघायची हौस असते, आमच्या एका कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर त्याच्या सुळ्यांच्या खुणा आहेत.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पायवाटेवर रोखून लावू नका. बाया सरपणाला, परसाकडे त्याच वाटेने जातात. त्यांचे फोटो आपल्या कार्डावर येणं बरोबर नाही. वाडीत सगळ्यांना सांगून, दाखवून मगच लावा.

आमच्याकडे कॅमेऱ्यामुळे कळलं की घरामागे रात्रीची एक पाळीच चालते. अंधार पडल्यावर उदमांजर, मग साळिंदराची जोडी काटे फुलवत, पहाटेकडे भेकर. एकदा खवल्या मांजर आलं, जमिनीला नाक लावून, शेपटी उचलून. त्याची वाच्यता आम्ही कुठेच केली नाही. त्याच्या खवल्यांच्या तस्करीसाठी माणसं कुठवर पोचतात ते माहीत आहे. इथेही हे लिहावं की नाही असं दोनदा वाटलं, पण जागा सांगितलेली नाही म्हणून लिहिते.

खडकमाळ

दिवसाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या समोर वानरांचा कळप आणि चितळं कायम जोडीने असतात. वानरं वर अर्धी पानं खाऊन अर्धी खाली टाकतात, चितळं खाली उभी राहून ती खातात. वानराला वरून बिबट्या लवकर दिसतो, चितळाला वास लवकर लागतो. वानराचा तो घशातला खाकरा आला की चितळं क्षणात शेपट्या वर करून उभी राहतात. पण गंमत अशी की अस्वल आलं तर बहुतेक वेळा कोणीच ओरडत नाही. चितळं जरा बाजूला सरतात, तेवढंच. त्यांना कोणापासून किती भ्यायचं ते बरोबर कळतं.

जंगलाशेजारी राहणाऱ्यांना एक हात जोडून विनंती. विहिरीला कठडा बांधा. उन्हाळ्यात पाण्याच्या वासाने किंवा अंधारात धावताना अस्वलं, बिबटे, नीलगायी उघड्या विहिरीत पडतात. कमरेएवढा कठडा असला तरी जीव वाचतो. जुन्या विहिरीत एक जाड ओंडका तिरका सोडून ठेवा, पडलेल्या प्राण्याला निदान धरायला काही मिळतं. प्राणी पडलेला दिसला तर गर्दी हटवा आणि वनखात्याला फोन करा. स्वतः दोर टाकून ओढू नका.

दूरदेशी

कुत्र्यांबद्दल टेंभुर्णीताईंनी ओझरतं लिहिलंय, ते ठळक करतो. मोकळं कुत्रं अस्वलावर धावून जातं, अस्वल उलटलं की मालकाकडे पळत येतं, आणि मागोमाग अस्वल. इकडच्या काळ्या अस्वलांच्या हल्ल्यांत हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. अस्वलं असलेल्या भागात कुत्रं साखळीनेच फिरवा.

नवखा_निरीक्षक

सगळं वाचलं. गुळाचा विचार सोडला. बांधावर दोन उंबर आहेत आणि त्यातलं एक फळाला आलंय. माळ्याच्या खिडकीतून ते दिसतं. ताई, तिथे बसायचं तर काय काळजी घेऊ?

टेंभुर्णी

उत्तम जागा! उंबर पिकलं की नुसतं अस्वल नाही, हरोळ्या, धनेश, वटवाघळं, उदमांजर सगळेच येतात. वारा झाडाकडून तुमच्याकडे यायला हवा, उलट असेल त्या दिवशी बसूच नका. ऊन कलायच्या आधी जाऊन बसा, म्हणजे तुमची ये-जा त्याच्या वेळेत होणार नाही. विजेरीला लाल कागद लावा आणि तीही गरज पडली तरच. झाडाखालची पडलेली फळं साफ करू नका, ती त्याचीच आहेत. घराजवळच्या आंब्या-पेरूंखालचा सडा मात्र रोज उचला. आणि अस्वल झाडाखाली असेपर्यंत खाली उतरायचं नाही, कितीही उशीर झाला तरी.

साळिंदर

वैशालीताई, पहाटेच्या अडचणीवर एक सुचवतो. मोहाखाली जमिनीपासून थोडी वर जाळी बांधायची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी रुळतेय. जुनी मच्छरदाणी किंवा हिरवं शेडनेट चार खुंटांना किंवा फांद्यांना ताणून बांधायचं. रात्री गळलेली फुलं त्यात जमतात, मातीला लागत नाहीत, गुराढोरांच्या तोंडी सहज जात नाहीत. मग उजाडल्यावर, ऊन आल्यावर गेलं तरी चालतं, आणि वाकून वेचत बसायचं नसल्यामुळे झाडाखालचा वेळही कमी होतो. झाडाखालचा पाला जाळावा लागत नाही, त्यामुळे वणव्याचा धोकाही टळतो. सगळ्या झाडांना बांधू नका. आतल्या रानातली झाडं अस्वलांना आणि चितळांना मोकळी सोडा, वस्तीजवळची आपली.

वैशाली म

हे जमण्यासारखं आहे. आमच्याकडे फुलं गळायला अजून थोडे दिवस आहेत. आत्याची वस्तीजवळची झाडं आधी मोजते आणि जाळीचं माप घेते. काका, एका मोठ्या झाडाला साधारण किती रुंद लागेल?

साळिंदर

फांद्यांचा घेर दुपारच्या सावलीवरून मोजा, तेवढी लागेल. एका तुकड्यात मिळाली नाही तर दोन तुकडे शिवा, आणि मधे थोडा झोळ ठेवा म्हणजे फुलं एका जागी गोळा होतात.